सरळ झालेली बोटे आणि समाधानी रुग्ण

पायाची बोटे वाकडी होतात तेव्हा दोष बहुधा बोटांत नसतो, त्यांना हलवणाऱ्या स्नायूंचा तोल गेलेला असतो. हे स्नायू दोन ठिकाणी असतात. लांब स्नायू पोटरीत आणि नडगीच्या बाजूला असतात आणि त्यांच्या कंडरा घोट्यावरून उतरून बोटांच्या टोकापर्यंत पोहोचतात. छोटे स्नायू पावलातच, तळव्याच्या जाडीत आणि हाडांच्या फटींत बसलेले असतात. बोट मुळाशी खाली दाबून ठेवणे आणि पुढच्या दोन सांध्यांत सरळ राखणे हे या छोट्या स्नायूंचे काम. ते लुळे पडले की लांब स्नायूंना आवर घालणारे कोणी उरत नाही. तंबूच्या एका बाजूचे दोर सुटल्यावर उरलेले दोर त्याला आपल्याकडे ओढतात, तसे बोट मुळाशी वर उचलले जाते आणि टोकाशी आत वळते. पंजासारख्या दिसणाऱ्या या बोटांना वैद्यकात ‘क्लॉ टो’ म्हणतात.

लहान स्नायू लुळे पडण्याची कारणे अनेक आहेत. जन्मजात मज्जाविकार, पोलिओ, पक्षाघात, दीर्घकाळचा मधुमेह ही त्यांतली काही. कोलकात्यात आणि एकूणच पूर्व भारतात या यादीत कुष्ठरोगाला वरचे स्थान द्यावे लागते. भारतात आजही दरवर्षी सुमारे एक लाख नवे कुष्ठरुग्ण नोंदले जातात, म्हणजे जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक. डिसेंबर 2005 मध्ये देशाने ‘सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून निर्मूलन’ साधले, याचा अर्थ प्रमाण दर दहा हजारांमागे एकाच्या खाली आले एवढाच होता. पश्चिम बंगालमध्ये पुरुलिया आणि बांकुरा हे जुने प्रभावित जिल्हे. कामासाठी शहरात आलेल्या तिथल्या माणसांबरोबर हा आजारही कोलकात्याच्या वस्त्यांत पोहोचला.

कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूंत घर करतात, विशेषतः शरीराच्या तुलनेने थंड आणि त्वचेजवळच्या भागांत. घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाच्या मागून जाणारा पश्च टिबिअल तंतू अशा जागी आहे. लांब वाकवणाऱ्या स्नायूंकडे जाणाऱ्या फांद्या त्याने पोटरीतच सोडलेल्या असतात, त्यामुळे ते स्नायू शाबूत राहतात. लुळे पडतात ते घोट्याखालचे छोटे स्नायू. तळव्याची संवेदनाही हाच तंतू वाहून नेतो. म्हणून कुष्ठरोगात वाकडे बोट आणि बधिर तळवा सहसा जोडीने येतात. पुढचा सगळा विषय या जोडीभोवती फिरतो.

बोटे उचलली गेल्याने चालताना जमिनीवर टेकायला ती उरत नाहीत, आणि शरीराचा भार चवड्याखालच्या हाडांच्या टोकांवर येतो. तिथली चरबीची गादी बोटांबरोबर पुढे सरकलेली असते, त्यामुळे हाड जवळजवळ थेट कातडीवर टेकते. बोटांची टोके जमिनीवर घासतात, सांध्यांच्या माथ्यावर चप्पल किंवा बूट घासतो. संवेदना शाबूत असलेला माणूस दुखू लागल्यावर लंगडतो, पाय बदलतो, थांबतो. बधिर पायाचा माणूस त्याच लयीत चालत राहतो. आधी घट्टा, मग घट्ट्याखाली रक्त, मग व्रण, आणि व्रण हाडापर्यंत गेला तर बोट जाते. 1940च्या दशकाच्या अखेरीस वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांचे हात दुरुस्त करायला सुरुवात केली. पुढे त्यांनी हेही दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे ‘गळून पडत’ नाहीत, ती न दुखणाऱ्या जखमांमुळे झिजतात.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा नोशीर अंतिया यांच्यापाशी येते. इंग्लंडमध्ये हॅरोल्ड गिलीज यांच्याकडे प्लॅस्टिक सर्जरी शिकून आलेले अंतिया पुण्याजवळच्या कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात शस्त्रक्रिया करत, आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्यांनी टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभाग उभा केला. पुढे 1997 मध्ये एच. श्रीनिवासन आणि डी. डी. पलांडे यांनी लिहिलेले, जिल्हा रुग्णालयांसाठीच्या कुष्ठ-शस्त्रक्रियांचे पुस्तक जागतिक आरोग्य संघटनेने छापले. कंडरा कुठे कापायची, कुठून ओढायची, कितव्या दिवशी प्लॅस्टर काढायचे हे सगळे त्यात साध्या रेखाचित्रांसह आहे.

कोलकात्याचे या आजाराशी नाते मात्र त्याहून जुने आहे. 1920च्या दशकात स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये अर्नेस्ट म्युर कुष्ठरोगावर संशोधन करत आणि चालमोगरा तेलाच्या इंजेक्शनांचे उपचार चालत. आता मानिकतल्याजवळ आचार्य प्रफुल्लचंद्र रस्त्यावर लेप्रसी मिशनचे प्रेमानंद मेमोरियल रुग्णालय आहे. उत्तरेकडे टिटागढला मदर तेरेसांच्या संस्थेचे गांधीजी प्रेम निवास आहे. तिथे कुष्ठमुक्त माणसे मागावर बसून मिशनऱ्यांच्या निळ्या काठाच्या साड्या विणतात. माग पायांनीही चालवावा लागतो, तेव्हा या केंद्रात पावलाची अवस्था हा रोजच्या मजुरीचा प्रश्न ठरतो. बॅरकपूर ट्रंक रोडवर बोनहुगली येथे केंद्र सरकारची, 1978 मध्ये स्थापन झालेली, अस्थिव्यंगांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी निवड काटेकोर होते. राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रमाच्या सूचनांनुसार बहुविध औषधांचा किमान सहा महिन्यांचा उपचार झालेला हवा, गेल्या सहा महिन्यांत कुष्ठ-प्रतिक्रियेचा (जंतूंविरुद्ध शरीरात अचानक उसळणाऱ्या दाहाचा) झटका आलेला नसावा, लुळेपणाला निदान वर्ष झालेले असावे (कारण त्याआधी काही स्नायू स्वतःहून सावरतात) आणि पायावर उघडी जखम नसावी. त्यानंतर एक साधी तपासणी निर्णायक ठरते. डॉक्टर अंगठ्याने चवड्याच्या हाडांखाली वर दाब देतात. बोटे आपोआप सरळ झाली तर विकृती ‘लवचिक’, आणि कंडरेचे ऑपरेशन शक्य. बोट दाबूनही हलेना तर सांधा घट्ट झाला आहे. मग केवळ कंडरा हलवून उपयोग नाही, हाडाचा तुकडा काढून सांधा सरळ जोडावा लागतो आणि आतून तार घालावी लागते.

लवचिक बोटांवरची सर्वांत प्रचलित शस्त्रक्रिया ऑक्सफर्डच्या गर्डलस्टोन यांच्या नावावर आहे. तिचा तपशील आर. जी. टेलर यांनी 1951 मध्ये प्रसिद्ध केला. तिचे तत्त्व असे की जी कंडरा बोट वाकवते तिलाच बोट सरळ करण्याच्या कामाला लावायचे. बोटाच्या शेवटच्या हाडाला चिकटलेली लांब वाकवणारी कंडरा तळाच्या बाजूने लहानशा छेदातून शोधायची, टोकाशी सोडवायची, मधोमध उभी चिरून दोन पट्ट्या करायच्या, त्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी वर आणायच्या आणि मुळाच्या हाडावर पसरलेल्या उघडणाऱ्या कंडरेच्या पदराला शिवायच्या. किती ताणायचे हे सांगणारे यंत्र नसते. घोटा काटकोनात धरून, बोट मुळाशी किंचित खाली झुकलेल्या अवस्थेत टाका घालायचा, एवढाच आधार. जास्त ताणले तर बोट काठीसारखे ताठ होते, कमी ताणले तर महिन्याभरात पुन्हा वाकते. अनुभवी हात आणि शिकाऊ हात यांतला फरक इथेच दिसतो.

अंगठ्याची तऱ्हा वेगळी, त्यासाठी उघडणारी कंडरा सोडवून पहिल्या तळहाडाच्या मानेला अडकवण्याचे रॉबर्ट जोन्स यांचे जुने तंत्र वापरतात आणि टोकाचा सांधा जोडतात. ज्यांचे पाऊलच लोंबते, म्हणजे गुडघ्याजवळचा पेरोनिअल तंतू निकामी झाल्याने पाय उचलताच येत नाही, त्यांच्यात पोटरीतली पश्च टिबिअल स्नायूची कंडरा पुढे आणून पावलाच्या पाठीवर शिवतात. अशा रुग्णांच्या बाबतीत एक गंमतीचा पेच येतो. पाऊल लोंबत असताना बोटे फारशी वाकडी वाटत नाहीत, कारण लांब वाकवणाऱ्या कंडरा सैल असतात. पाऊल वर उचलले गेले की त्या ताणल्या जातात आणि बोटे एकदम पंजासारखी होतात. हे आधी समजावून सांगितले नाही तर रुग्णाला वाटते की ऑपरेशनने बोटे बिघडवली. पाऊल दुरुस्त झालेले असते, तरी तो नाराज होऊन घरी जातो.

ऑपरेशननंतर साधारण तीन ते सहा आठवडे प्लॅस्टर असते. ते काढल्यावर भौतिकोपचार सुरू होतो. पाऊल उचलणाऱ्या कंडरेला नवे काम शिकवण्याची पद्धत मजेशीर आहे. रुग्णाला ‘पाय वर कर’ असे सांगत नाहीत, ‘तळवा आत वळव’ असे सांगतात, कारण मेंदूला त्या स्नायूचे जुने कामच माहीत असते. तळवा वळवण्याचा प्रयत्न केला की पाऊल वर येते, आणि काही आठवड्यांच्या सरावाने त्याची सवय होते. बोटांच्या कंडरेत असे शिक्षण फारसे होत नाही. ती बोटाला धरून ठेवते, हुकमी हलवत नाही. म्हणजे बोट सरळ दिसते आणि जमिनीला टेकते, पण पकड धरत नाही. सूज तीन-चार महिने, कधी त्याहूनही अधिक काळ राहते.

समाधान मोजायचे कसे, हा इथला अवघड भाग. पावलाच्या शस्त्रक्रियांच्या निकालांसाठी जगभर ज्या मोजपट्ट्या वापरल्या जातात त्यांत अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटीची 1994 मधली लहान बोटांची पट्टी प्रसिद्ध आहे. एकूण 100 गुण. त्यांपैकी 40 वेदनेला, 45 कार्याला, 15 सरळपणाला. कार्याच्या 45 गुणांत 10 गुण पादत्राणासाठी आहेत. नेहमीचे, फॅशनचे बूट कोणत्याही आधाराशिवाय वापरता आले तर पूर्ण दहा, खास आधार किंवा आरामदायी बूट लागले तर पाच, आणि बदललेले बूट लागले तर शून्य. बोटाच्या पुढच्या सांध्यांच्या हालचालीलाही पाच गुण आहेत.

मानिकतल्याच्या एखाद्या कुष्ठमुक्त रुग्णाला ही पट्टी लावून पाहावी. त्याचा तळवा बधिर आहे, म्हणून ऑपरेशनआधीही वेदनेचे 40 गुण त्याच्या पदरात पूर्ण पडतात. पायाला भोक पडलेले असतानाही! ऑपरेशननंतर त्यात एका गुणाचीही भर पडू शकत नाही. उलट त्याला आयुष्यभर मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल घालायची आहे, म्हणून पादत्राणाचे पाच ते दहा गुण कायमचे गेले. घट्ट बोटाचा सांधा मुद्दाम जोडला असेल तर हालचालीचे पाचही गेले. डॉक्टरांच्या दृष्टीने यशस्वी झालेले ऑपरेशन या पट्टीवर नापासासारखे दिसू शकते. वेदना हाच केंद्रबिंदू असलेली पट्टी बधिर पायाला लावणे ही मोजमापाची मूलभूत चूक आहे आणि ती संशोधनातही वारंवार होते.

याउलट जागतिक आरोग्य संघटनेची कुष्ठ-अपंगत्वाची श्रेणी अगदीच मोठी जाळी आहे. दिसणारी विकृती असली की श्रेणी दोन, नुसता बधिरपणा असला की एक. वाकडे बोट सरळ झाल्यावर रुग्ण कागदोपत्री दोनवरून एकवर येतो, पण जखमेचा धोका तितकाच राहतो. म्हणून गेल्या दोन दशकांत वेगळ्या पट्ट्या आल्या. 20 प्रश्नांची ‘साल्सा’ दैनंदिन हालचाली आणि सुरक्षेचे भान तपासते, 18 प्रश्नांची ‘पार्टिसिपेशन स्केल’ माणूस लग्नकार्यात, कामात, शेजारात कितपत सामील होतो ते विचारते. पावलाच्या बाबतीत खरे उपयुक्त मोजमाप त्याहून साधे आहे. ऑपरेशननंतर किती महिने पायाला व्रण झाला नाही, चवड्याखालचा घट्टा कमी झाला की वाढला, आणि बोट टेकते की अधांतरी राहते.

सांधे जोडण्याच्या शस्त्रक्रियेतही रुग्णाचे समाधान आणि क्ष-किरणांचा निकाल सारखे नसतात. मायकेल कफलिन आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत 118 वाकड्या बोटांवर हाडांची शस्त्रक्रिया झाली होती. सांधा पूर्ण जुळला होता तो 81 टक्के बोटांत, समाधान सांगितले 84 टक्क्यांनी, आणि वेदना कमी झाल्याचे 92 टक्क्यांनी. हाड जुळले नाही तरी बोट सरळ आणि शांत असेल तर रुग्णाला त्याची फिकीर नसते. ही माणसे अर्थात दुखणाऱ्या पायांची होती.

धर्मादाय रुग्णालयात समाधानाचा प्रश्न विचारण्याची एक अडचण असते. उपचार फुकट मिळाले, जेवण मिळाले, डॉक्टर मायेने बोलले, तर ‘बरे वाटते का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर येणार. त्यात कृतज्ञता आणि संकोच दोन्ही आहेत. शिवाय राष्ट्रीय कार्यक्रमातून शस्त्रक्रियेसाठी भत्ता मिळतो. आधी 8,000 रुपये होता, अलीकडे तो 12,000 करण्यात आला. मजुरी बुडते म्हणून तो रास्तच आहे. पण समाधानाच्या उत्तरावर त्याचीही छाया पडते. ‘दुसऱ्या पायाचेही करून घ्याल का?’ हा प्रश्न त्या मानाने खरा उतरतो, कारण त्याचे उत्तर पुन्हा प्लॅस्टर आणि महिनाभर कामाबाहेर राहण्याच्या हिशेबातून येते.

रुग्णांच्या तक्रारींचा क्रमही डॉक्टरांच्या यादीशी जुळत नाही. डॉक्टरांना भीती असते संसर्गाची, बोटाचा रक्तपुरवठा खालावण्याची (वर्षानुवर्षे वाकलेले बोट एकदम सरळ केल्यास रक्तवाहिनी ताणली जाते, बोट पांढरे पडले तर तार काढावी लागते) आणि पुन्हा वाकण्याची. रुग्णाची तक्रार असते की चप्पल निसटते. पट्ट्याच्या हवाई चपलेला पायात ठेवणारी पकड बोटांची असते. कंडरा हलवल्यावर ती कमी होते, आणि तळवा बधिर असल्याने चप्पल गेल्याचे कळतही नाही. म्हणून टाचेमागे पट्टा असलेल्या मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला दिल्या जातात. त्यांचा रबर मऊ आणि जाड, वरचा पट्टा रुंद, आणि खिळा एकही नाही, कारण बधिर पायाला खिळा कळत नाही. अडचण अशी की ही चप्पल लांबूनच ओळखू येते. बोटे सरळ करून घेण्यामागे अनेकांचा मूळ हेतू ‘लोकांना कळू नये’ हाच असतो, आणि पायाचे रक्षण करणारी वस्तूच त्यांना उघडे पाडते. शेजाऱ्यांनी विचारू नये म्हणून चप्पल घरात ठेवून साध्या चपलेने बाहेर पडणारा माणूस समाधानी असूनही पुन्हा जखम घेऊन येतो.

कोलकात्याच्या राहणीमुळे ही गोष्ट आणखी नाजूक होते. घरात, देवळात, पूजेच्या मंडपात अंजली देताना पाय उघडेच असतात, आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर बधिर तळवा भाजतो. पावसाळ्यात ठनठनिया आणि आमहर्स्ट स्ट्रीटसारख्या भागांत गुडघाभर पाणी साचते, तेव्हा कातडी मऊ पडून बोटांच्या फटी फाटतात. दुर्गापूजेच्या रात्री मंडपामागून मंडप पाहात मैलोन्‌मैल चालण्याची रीत आहे, आणि बधिर पायाच्या माणसाला त्या चालण्याचा हिशेब दुसऱ्या दिवशी पाय सुजल्यावरच लागतो. म्हणून रोज रात्री तळवे आरशात पाहणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, घट्टा घासणे या सवयींचा दीर्घकालीन निकालावर शस्त्रक्रियेच्या कौशल्याइतकाच प्रभाव पडतो, आणि त्या सवयी रुग्णाला ऑपरेशनआधीच शिकवाव्या लागतात. ऑपरेशनने भार विभागला जातो, संवेदना परत येत नाही. हे वाक्य आधी स्पष्ट शब्दांत ऐकलेला रुग्ण वर्षभराने अधिक समाधानी आढळतो. ज्याला ‘पाय पूर्ववत होईल’ असे वाटलेले असते, तो चांगल्या निकालावरही नाराज असतो.

एका समाधानाची नोंद कोणत्याही पट्टीत होत नाही. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यात होते, ते 2019 च्या वैयक्तिक कायदे सुधारणेने काढले गेले. त्याआधीही आणि नंतरही मुलीचे लग्न ठरवताना बापाच्या पायाकडे पाहिले जाते. अशा बापासाठी सरळ बोटांचे मोल चालण्यापेक्षा वेगळेच असते.

वाकड्या बोटांसाठी येणाऱ्यांत पोलिओचे रुग्ण आता कमी होत चालले आहेत. देशातली पोलिओची शेवटची नोंद 13 जानेवारी 2011 रोजी कोलकात्याला लागून असलेल्या हावडा जिल्ह्यातली, आणि 2014 मध्ये भारत पोलिओमुक्त घोषित झाला. त्यांची जागा मधुमेही रुग्ण घेत आहेत. त्यांनाही वाकडे बोट आणि बधिर पाय एकत्र येतात, पण वय जास्त, रक्तपुरवठा कमी, म्हणून मोठी शस्त्रक्रिया टाळली जाते. त्यांच्यात सुईने किंवा बारीक पात्याने बाह्यरुग्ण विभागातच लांब वाकवणारी कंडरा कापतात. टाका घालावा लागत नाही, प्लॅस्टर नाही, त्याच दिवशी घरी. बोटाच्या टोकावरचा व्रण बहुधा काही आठवड्यांत भरतो, आणि मधुमेही पायाच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आता या उपायाची शिफारस करतात. समाधान सुरुवातीला भरपूर असते. मात्र भार जवळच्या बोटावर सरकतो आणि काही महिन्यांत तिथे नवा व्रण दिसू शकतो, त्यामुळे काही शल्यचिकित्सक शेजारची वाकडी बोटेही त्याच बैठकीत सैल करून टाकतात.